सुटलेली ओळ

अक्काचा फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि फोन हातातच होता. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मी तो उचलला.

"अव माय, लगेच उचलला!" अक्का म्हणाली. "मले वाटलं वाचत बसली असशीन. तुले तं वाचताना हाकच ऐकू येत नही."

"वाचतच होते," मी म्हणाले.

अक्का माझी थोरली चुलत बहीण. जामनेरच्या पुढं आमचं गाव. तिला गावातच दिलेली, म्हणून लग्न झालं तेव्हा ती एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली, एवढंच. आता सत्तरीला आली आहे, पण फोनवर अजूनही शेतातून हाक मारावी तशी बोलते.

"अधिक महिना लागला. ओट्यावर पोथी मांडू म्हनते. पहिलेसारखी. पन वाचनारी कोनी नही राह्यली. तुही शाळा बंद हाये ना? चार रोज येजो अन् वाचजो."

मी हो म्हणाले. तिला नाही म्हणायची सवयच नाही मला. फोन ठेवला आणि मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. त्याच पानावर होते मी. काल होते त्या पानावर, परवाही बहुतेक त्याच. त्या पानावर एक बाई खिडकीशी उभी राहून कुणाची तरी वाट पाहते आहे. किती दिवस ती उभीच आहे बिचारी. मी तिला बसू देत नाही की कुणाला येऊ देत नाही. ओळीच्या मध्यापर्यंत जाते आणि तिथून मन कुठं उतरून जातं, मलाही कळत नाही. डोळे पुढं चालत राहतात, खालच्या ओळीवर येतात, पान उलटायची वेळ येते, आणि मग ध्यानात येतं की आपण काहीच वाचलेलं नाही.

हे कधीपासून, ते सांगता येत नाही. एखाद्या विहिरीचं पाणी कधी आटायला लागलं ते कुणी सांगू शकतं का? बादली वाजली की कळतं.

मी शाळेत मराठी शिकवते. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत मला 'पुस्तकवाल्या मॅडम' म्हणतात. शनिवारी वाचनालयात जायचा माझा रिवाज आहे, आणि तो मी मोडला नाही. दोन पुस्तकं आणायची, दोन परत करायची. परत करण्याआधी मी त्यांची मागची पानं जरा चाळून घेते, पुस्तक हाताळलेलं दिसावं म्हणून. काउंटरवरची मुलगी म्हणते, "मॅडम, तुमच्यासारखं भराभर कुणीच वाचत नाही हो." मी हसते. त्या हसण्याची चव मला जिन्यावरून खाली उतरेपर्यंत तोंडात जाणवत राहते, कडू काकडीसारखी.

एकदा स्टाफरूममध्ये एका नव्या कादंबरीचा विषय निघाला. "मॅडमनी वाचलीच असेल," कुणीतरी म्हणालं. मी म्हणाले, "शेवट मला जरा घाईचा वाटला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ती कादंबरी विसाव्या पानापुढं वाचलेली नव्हती. त्या दिवशी तासाला गेले तर फळ्यावर कालचीच तारीख लिहिली.

*

जामनेरची बस दुपारची होती. अधिक महिना यंदा जेठात आलेला, जळगावचं ऊन डोक्यावर. स्टँडवरच्या पत्र्याखाली माणसं ओले रुमाल डोक्यावर टाकून बसली होती. मी पिशवीतून पुस्तक काढलं, मांडीवर ठेवलं. एस.टी.मध्ये पुस्तक काढायचं हेही एक जुनं वळण.

एके काळी मी बसमध्येच सगळ्यात जास्त वाचलं. धुळ्याला कॉलेजात होते तेव्हा. मुलींच्या वसतिगृहात आमची खोली पांझरेच्या अंगाला होती. थंडीत नदीवरून सकाळी धुकं यायचं, त्याला ओल्या गवताचा आणि कुठल्या तरी भट्टीतल्या भाजक्या दाण्यांचा वास असायचा. रविवारी वाचनकक्ष उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसायची. आत लांबलचक लाकडी टेबलं, त्यांच्यावर कुणाकुणाची कोरलेली नावं, आणि पंखे असे की ते फिरताना आपला श्वासही त्यांच्या तालात चालू लागे. तिथं मी सकाळी बसायची आणि मान वर करायची तेव्हा खिडकीतलं ऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेलेलं असायचं. मधला वेळ कुठं गेला, याची मला कधी काळजी वाटली नाही. तो वाया जात नाही याची खात्री होती.

घरी येताना धुळ्याहून जळगावची गाडी पकडायची. पारोळा, एरंडोल, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, खिडकीच्या गजांना अडकलेले कापसाचे पुंजके. मी काहीच पाहायची नाही. एकदा तर जळगाव आलं, अर्धी गाडी उतरली, नवी माणसं चढली, आणि मी बसलेलीच. गाडी भुसावळच्या रस्त्याला लागल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापाशी आला.

"कुठं जायचं ताई?"

"जळगाव."

"जळगाव मागं राहिलं की!"

सगळी गाडी हसली. मला मुळीच लाज वाटली नाही. उलट, घरी जाऊन ही गोष्ट मीच सगळ्यांना सांगितली. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुढं वर्षभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली. "आमची पोरगी वाचते तर गाव मागं पडतं," असं म्हणायचे.

आता मी जामनेरच्या बसमध्ये पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते आणि मला रस्त्यातली प्रत्येक पाटी पाठ झाली. नेरी आली, गेली. कुणाची बकरी, कुणाचा ट्रॅक्टर, पेट्रोलपंपावरचा रांगेतला तिसरा माणूस, सगळं दिसलं. पुस्तकातलं एक अक्षर नाही. मधूनमधून हात आपोआप पर्समध्ये जायचा, फोन बाहेर काढायचा, काही आलं नाही हे पाहायचा आणि परत ठेवायचा. हात माझाच होता, पण मला विचारत नव्हता.

*

ओटा तसाच होता. म्हणजे शेणाने सारवलेला तो ओटा आता शहाबादी फरशीचा झाला आहे, आणि कडुनिंब अर्धा कापलेला, विजेच्या तारांसाठी. पण उन्हं कलली की सावली अजून तिथंच येते, भिंतीपासून सुरू होऊन पायरीपर्यंत.

मी चौथीत होते तेव्हा पहिल्यांदा त्या ओट्यावर पोथी वाचली. त्याआधी गल्लीतली एक म्हातारी वाचायची, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अक्काने मला बखोटीला धरून नेलं आणि पाटावर बसवलं. अक्काचं स्वतःचं शिक्षण चौथीवर थांबलेलं. घरात धाकटी भावंडं होती, ती सांभाळायला कुणीतरी हवं होतं. तिला अक्षरं येत होती, पण ती म्हणायची, "माह्यं वाचनं म्हंजे ठेचा लागत चालनं. तू पळते."

चातुर्मासातल्या दुपारी. बाहेर पाऊस, ओसरीवर ओली गोणपाटं, केळीच्या बागेतून आलेल्या बायकांच्या लुगड्यांवर चिकाचे तपकिरी डाग. धुतले तरी न जाणारे. बायका हातात काही ना काही काम घेऊन यायच्या. कुणी शेंगा फोडायची, कुणी कापसातल्या सरक्या काढून वाती वळायची. पोथी लाल बासनात बांधलेली असायची, सुट्या लांब पानांची. वाचलेलं पान उलटं करून डाव्या हाताला ठेवायचं. कागदाला कापूर, हळद आणि किंचित उंदरांचा वास. मी वाचायची आणि वाती वळणारे हात थांबायचे. गोष्टीत कुणाचं मूल हरवलं की शेंगांचा आवाज बंद व्हायचा. तो आवाज बंद होणं मला फार आवडायचं. माझ्या आवाजाने बायकांचे हात थांबतात, एवढी मोठी गोष्ट मला नंतरच्या आयुष्यात कधी करता आली नाही.

अक्का मात्र काहीच काम घेऊन बसायची नाही. नुसती ऐकायची, तोंड थोडं उघडं ठेवून. गोष्ट संपली की पोथी बासनात तीच बांधायची.

आता तिने बासन माझ्यापुढं ठेवलं. कापड नवं, पोथी तीच. "उद्यापासून," ती म्हणाली. "मी बठ्ठ्यायले सांगून ठेवलं." मग स्वतःशीच हसली. "पाह्य, बठ्ठा म्हनाले लागली मीही. हे इच्यामुळं."

'हे इच्यामुळं' म्हणजे तिची सून पुष्पा. पुष्पाचं माहेर शिरपूरकडचं, तिच्या बोलण्यात 'आहे'ला 'शे' आणि 'सगळ्या'ला 'बठ्ठा' असतं, आणि आमच्या गल्लीतल्या बायका त्यावरून तिला अजून चिडवतात. लग्नाला बरीच वर्षं झाली, एक मुलगी आठवीत आहे, तरी ती 'धुळ्याकडची'च. उंच, सावळी, कमी बोलणारी. पाणी देताना म्हणाली, "मावशी, मी कधी पोथी ऐकेल नई. तुम्हनी वाट पाही राहिंतू."

रात्रीचं जेवण लवकर झालं. मी पोथी उघडून उद्याची गोष्ट एकदा वाचून ठेवायची असं ठरवलं. पहिल्या पानावरच कधी डोळा लागला, कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर बायका जमल्या. पूर्वीइतक्या नाहीत, पण ओटा भरला. पेरणीआधीचे रिकामे दिवस. दोघीतिघींच्या हातात मोबाइल होते, बाकीच्यांच्या हातात काहीच नव्हतं. एकीने निवडायला तूर आणली होती, ती पाहून मला बरं वाटलं.

गोष्ट एका सासूची होती. ती धान्याच्या कोठीची किल्ली कमरेला लावून फिरायची. सुनांना मोजून दाणे काढून द्यायची. धाकटी सून गरिबाघरची; तिच्या माहेराहून कुणी आलं की सासू किल्ली पदराखाली झाकायची. एके दिवशी अधिक महिन्यात दारात एक भुकेली बाई येते, सून सासूकडं किल्ली मागते...

सुरुवात छान झाली. आवाज लागला. त्या ओट्याला माझा आवाज ठाऊक होता असं वाटलं. तूर निवडणारे हात मंदावले. अक्का समोर भिंतीला टेकून बसलेली, तोंड थोडं उघडं. मी वाचत होते, आणि वाचता वाचता मनात आलं की अक्का म्हातारी दिसायला लागली. मग आलं की तिच्या मागच्या भिंतीला भेग पडली आहे. मग पिंप्राळ्याच्या घरातल्या टाकीचा कॉक बंद केला होता का? मग माझा फोन आत वाजतो आहे का? माझा आवाज माझ्याशिवाय चालला होता. शाळेत इतकी वर्षं मोठ्यानं वाचलेलं, त्यामुळं तोंडाला सवय आहे. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, त्याला मी लागत नाही. मी पान उचललं, डावीकडं ठेवलं, पुढचं वाचू लागले. तेराव्याचं जेवण झालं, थोरल्या सुनेनं किल्ली आपल्याकडं घेतली, धाकटीच्या वाट्याला फुटकं मापटं आलं...

"मावशी," पुष्पा म्हणाली. "पन सासू कव्हय मरनी?"

मी थांबले.

"आत्ते ती किल्ली पदरखाल झाकी राहिनी व्हती. अन् लगेच तेरावं?"

मग तूर निवडणारी सुभद्राकाकू खदखदून हसली. "अव अक्का, आइकलं का? तुह्या सुनेले सासू मारायाची घाई झाली!"

ओटाभर हसू फुटलं. कुणी पुष्पाच्या पाठीत थाप मारली, कुणी म्हणालं, "तुमच्या शिरपूरकडं सासूचं तेरावं लई इस्कटून सांगतात का वं?" पुष्पाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती माझ्याकडं पाहत होती. तिला फक्त उत्तर हवं होतं.

मी हातातल्या पानाकडं पाहिलं, मग डावीकडच्या गठ्ठ्याकडं. एका चिमटीत तीन पानं उचलली गेली होती. मधली दोन मी वाचलीच नव्हती. सासू त्या दोन पानांत मेली होती. कशी, ते मला माहीत नव्हतं.

"पोथीत असंच आहे," मी म्हणाले. "पुढं उलगडेल."

पुष्पाने मान खाली घातली. मी पुढं वाचलं, शेवटपर्यंत वाचलं, आवाज न कापता. आरती झाली, खडीसाखर वाटली. बायका जाता जाता माझ्या पाया पडल्या. सुभद्राकाकू म्हणाली, "बाई, तुही जबान तेव्हाचीच हाये." अक्काने बासन बांधलं. माझ्याकडं न पाहता.

*

संध्याकाळी पुष्पा मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी विसळायला बसले तर म्हणाली, "राहू द्या मावशी," आणि भांडी स्वतःकडं ओढली. रागानं नाही. मला कळलं की तिने स्वतःलाच खुळं ठरवून टाकलं आहे. आता ती ओट्यावर पुन्हा तोंड उघडणार नाही.

मी आत आले. अक्का चुलीपुढं बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होती. गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. मी तिच्या शेजारी पाट घेतला.

"अक्का, दोन पानं गळाली माझी."

"ठावं हाये मले," ती म्हणाली. पीठ मळणं थांबलं नाही. "सासू साप चावून मरते. दाने काढाले कोठीत हात घालते तव्हा. लहानपनी तूच वाचून दाखोली व्हती. मले इतकं भ्याव वाटलं व्हतं की मी रातभर कोठीच्या खोलीत गेली नही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुह्यं नाव जाऊ नही म्हनून. इतक्या बायायमंधी." मग तिने परातीच्या काठाला हात पुसला. "पन माह्या सुनेले हसल्या त्या. अन् मी हसू देलं."

मी तिला सगळं सांगितलं. खिडकीशी उभी असलेली बाई, वाचनालयातली मुलगी, स्टाफरूममधला तो शेवट. कुठलं दुखणं नाही, डोळे चांगले आहेत, चष्म्याचा नंबर परवाच तपासला. नुसतं वाचता येत नाही. सांगताना मला वाटत होतं, ती म्हणेल, होतं असं, वय झालं. ती तसं काही म्हणाली नाही.

"मी शाळा सोडली," ती म्हणाली, "तव्हा मले लई रडू आलं. मंग तू ओट्यावर वाचाले बसली अन् ते रडू गेलं. मनात म्हने, हे पोरगी वाचते ना, म्हंजे घरात वाचनं हाये. तू धुय्याले गेली तव्हाही मले वाटे, तिकडं ती वाचू राह्यली असंन." तिने तव्यावर भाकरी टाकली. "म्हनून मले वाईट वाटू राह्यलं. लपवू कसाले?"

धूर डोळ्यांत जात होता, म्हणून डोळे पुसायला कारण होतं.

भाकरी उलटताना तीच पुढं बोलली. "पन एक सांगू? तू लहान व्हती तव्हाही एका बैठकीत नही वाचे. मधातच उठे. पन्हाळीखाली पाय भिजवाले जाये. मी तुले धरून आने अन् बोट ठेवून दे, इठून वाच म्हने."

"मी? नाही गं. मी तर..."

"तू तर, तू तर. तुले काय ठावं? तू वाचत व्हती, पाह्यत मी व्हती."

मला ते आठवत नव्हतं. मला आठवत होता अखंड पाऊस आणि अखंड आवाज. पण तिनं सांगितल्यावर तळपायांना पन्हाळीखालचा गार दगड मात्र लागला, शेवाळी, निसरडा, आणि मागून तिची हाक. इतकी वर्षं तो दगड मी कुठं ठेवून दिला होता, कोण जाणे. आणि ओळीवर ठेवलेलं ते बोट. ते माझं नव्हतंच, तिचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी बायका जमायच्या आधी पुष्पा ओटा झाडत होती. मी तिला म्हणाले, "आज माझ्याजवळ बसशील? मला ओळ सापडत नाही. बोट ठेवायला कुणीतरी हवं."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. माझ्या चेहऱ्याकडं पाहून ती थट्टा नाही हे तिला कळलं असावं. तिने हातातल्या खराट्यातलं एक हिरकूट मोडून घेतलं. "मी जवय बससू," म्हणाली. "पन बोट नको, पोथी मळी जाई. हाई धरसू." मग जरा थांबून, "तुमना फोन माले द्या. तांदूयनी कोठीत ठी देसू. तठे वाजना तरी आयकू येत नई."

पहिलीच्या पोरांना मी असंच शिकवते. ओळीखाली पट्टी धरा, पट्टी सरकवा. नव्या पालकांना सांगते की यात कमीपणा काही नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा कळलं, कमीपणा वाटतोच.

बायका आल्या. सुभद्राकाकू निवडायची तूर सुपात घेऊन आली. पुष्पा माझ्या डाव्या अंगाला बसली, तर दोघीतिघींनी एकमेकींकडं पाहिलं. मी बासन सोडलं. शाळेत निरोपसमारंभाला शेकडो लोकांपुढं बोललेली मी. ओट्यावरच्या दहा-बारा बायकांपुढं मला शब्द सुचेना.

"काल मी चुकले," मी म्हणाले. "पोथीत तसं नव्हतं. दोन पानं मी वाचलीच नाहीत. माझं लक्ष नव्हतं. पुष्पाने विचारलं ते बरोबर होतं, आणि तुम्ही तिला हसलात तेव्हा मी गप्प बसले."

कडुनिंबावर एक कावळा पंख झाडत होता, तेवढाच आवाज. कान इतके तापले की बाहेरच्या उन्हात आणि त्यांत फरक वाटेना. मला वाटलं, आता एकेक जण उठेल. ज्या पोथीत पानं गळतात ती कुणी का ऐकावी?

"असं व्हय," सुभद्राकाकू शेवटी म्हणाली. सूप बाजूला ठेवलं. "मंग कशी मेली ते सांग ना आता. रातभर माह्या डोक्यात तेच."

"मलेही झोप नही," आणखी कुणी म्हणालं. "म्या तं नवऱ्याले इचारलं, तो म्हने हार्ट अटॅक असंन."

हसू आलं, पण या वेळी ते कुणावर नव्हतं. सुभद्राकाकूने ओंजळभर तूर पुष्पाच्या पदरात टाकली. पुष्पाने पदराला गाठ मारून तो कमरेला खोचला आणि हिरकूट पहिल्या ओळीखाली ठेवलं.

मी वाचू लागले. हळू. हिरकूट सरकेल तसं. इतक्या हळू मी कधी वाचलं नव्हतं. धुळ्याच्या त्या टेबलावर तर नाहीच. एकेक शब्द वेगळा दिसत होता, जसं निवडलेलं धान्य ताटात वेगळं दिसतं. सासू कोठीच्या दारापाशी आली. अंधार होता. कमरेची किल्ली तिनं कुलपाला लावली. मी त्या अंधाराचा वास घेतला, जुन्या दाण्यांचा, चुन्याचा. समोर बायका वाकून बसल्या होत्या. अक्काचं तोंड उघडं होतं.

आणि तिथंच, सासूचा हात आत जाताना, माझं मन पुन्हा निसटलं. का, ते विचारू नका. कुणाचा तरी मोबाइल खणाणला असेल, किंवा मला नुसतंच वाटलं असेल की आता मी वाचू शकते आहे, आणि त्या वाटण्यामागं मी निघून गेले. हिरकूट पुढं सरकलं आणि मी मागंच राहिले. तोंड आपलं आपण चालायला निघालं होतं. मी ते मिटलं.

"थांबा," मी म्हणाले. "ओळ सुटली माझी."

काल हे वाक्य माझ्या घशातून निघालं नसतं. आजही ते सहज निघालं नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या, आणि साप त्या कोठीत वाट पाहत होता.

"सुटू दे," अक्का भिंतीपाशी बसून म्हणाली. "आम्ही काय कुठं चालल्या? घे मागून."

पुष्पाने हिरकूट दोन ओळी वर नेलं आणि धरून ठेवलं. मी मान खाली घातली. लाज होतीच, ती एका दुपारीत जाणारी नव्हती, आणि अजूनही गेलेली नाही. पण पोथी वाचायची तर मान खालीच घालावी लागते. मी ती ओळ पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला घेतली.